पोलीस, फोन कॉल आणि मोबाईलचा कॅमेरा: रेकॉर्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘व्हिडिओ बंद कर, नाहीतर आत टाकीन’ असं नाकाबंदीवर ऐकून आलेले लोक असतात. ‘सगळं रेकॉर्ड केलंय वकीलसाहेब, आता सोडायचं नाही’ असं म्हणत खुर्ची ओढणारेही असतात. दोघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत. १ जुलै २०२४ पासून जुनी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र अजून जुनेच आकडे तोंडी आहेत, म्हणून गरज असेल तिथे दोन्ही कलमं दिली आहेत.

रस्त्यावर ड्युटीवर असलेल्या पोलिसाचा व्हिडिओ काढणं गुन्हा आहे का?

नाही. सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये, असं सांगणारं कलम केंद्राच्या किंवा महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. जे करायला कायद्याने मनाई नाही ते करायला परवानगी लागत नाही. शिवाय माहिती मिळवणं आणि ती दुसऱ्याला सांगणं हे संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतं.

पण एक उणीव आहे. केरळने २०११ च्या आपल्या पोलीस कायद्यात, कलम ३३(२) मध्ये, स्वच्छ लिहून ठेवलं आहे की सार्वजनिक किंवा खाजगी जागी चाललेल्या पोलीस कारवाईचं कुणी कायदेशीरपणे चित्रीकरण करत असेल तर पोलिसाने त्याला रोखू नये. आपल्या १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात अशी ओळ नाही. त्यामुळे कोचीतला माणूस कलमावर बोट ठेवू शकतो, कोल्हापुरातल्या माणसाला संविधानापासून सुरुवात करावी लागते, तीही रात्री अकरा वाजता, बॅरिकेडपाशी. विधिमंडळाने मनावर घेतलं तर ही एका ओळीची दुरुस्ती आहे.

मग ‘तीनशे त्रेपन्न लावतो’ म्हणतात ते काय?

जुनं कलम ३५३ म्हणजे लोकसेवकाला त्याच्या कामापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर करणं. महाराष्ट्राने दुरुस्ती करून त्याची शिक्षा ५ वर्षांपर्यंत नेली होती. आता त्या जागी न्याय संहितेचं कलम १३२ आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. धमकी परिणामकारक वाटते ती या ‘अजामीनपात्र’मुळेच.

कलम नीट वाचलं तर त्यात हल्ला किंवा बळ हवं. हातात मोबाईल धरून चार पावलांवर उभं राहणं यातलं काहीच नाही. अडचण होते ती पुढे. पोलीस कॅमेऱ्यासमोर हात धरतो, तुम्ही तो हात बाजूला करता, आणि त्या एका झटक्याचं फिर्यादीत ‘धक्काबुक्की’ होतं. दुसरं कलम २२१, जुनं १८६, म्हणजे कामात अडथळा. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपघातातल्या जखमीला उचलत असताना मध्ये घुसून शूटिंग केलं, तर हे कलम लागणं चुकीचंही म्हणता येणार नाही.

म्हणून अंतर ठेवा, मोबाईल छातीपाशी धरा, ‘मागे व्हा’ म्हटलं तर मागे व्हा, पण रेकॉर्डिंग चालू ठेवा. आणि कॉमेंट्री करू नका. या प्रकरणांत कॅमेऱ्यापेक्षा तोंडामुळे अडकलेले लोक जास्त आहेत. व्हिडिओत साहेबांचा आवाज शांत आणि तुमचा चढलेला असेल, तर तो व्हिडिओ त्यांच्या वकिलाला जास्त उपयोगी पडतो.

पोलीस ठाण्याच्या आत रेकॉर्डिंग केलं तर? तिथे ‘गोपनीयता कायदा’ लागतो असं ऐकलं आहे.

हा कायदा म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, इंग्रजांनी हेरगिरीसाठी केलेला. त्याचं कलम ३ शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती गोळा करण्याबद्दल आणि ‘निषिद्ध ठिकाणां’बद्दल आहे. शिक्षा साधारण प्रकरणात ३ वर्षांपर्यंत आणि संरक्षणविषयक प्रकरणात १४ वर्षांपर्यंत. ठाण्यात मोबाईल काढला म्हणून हे कलम लावण्याचे प्रकार महाराष्ट्रात झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते दोनदा तरी खोडून काढले.

पहिलं प्रकरण वर्ध्याचं. शेजाऱ्यांच्या भांडणातून ठाण्यात गेलेल्या माणसाने तिथलं बोलणं चित्रित केलं आणि त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलं की निषिद्ध ठिकाणाची व्याख्या कलम २(८) मध्ये दिली आहे, ती परिपूर्ण आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं नाही. गुन्हा रद्द झाला. दुसरं प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी ठाण्याचं. तिथे दोन भावांवर पोलिसाशी झालेलं संभाषण रेकॉर्ड केल्याचा आरोप होता. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने हाच मुद्दा पुन्हा मांडून गुपिते अधिनियमाचं कलम काढून टाकलं.

ठाणे अंमलदाराने भिंतीवरच्या ‘मोबाईल वापरास मनाई’ पाटीकडे बोट दाखवलं, तर ती कार्यालयाची शिस्त झाली, गुपिते अधिनियम नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाचं अधिकारक्षेत्र गोव्यातही आहे, त्यामुळे पणजी किंवा म्हापशाच्या ठाण्यातही याच निकालांचा आधार घेता येतो.

एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. ठाण्यात बाजूच्या बाकावर लैंगिक अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली बाई किंवा एखादं लहान मूल बसलेलं असेल, तर कॅमेरा तिकडे वळता कामा नये. ते का, हे पुढे ‘व्हायरल’च्या प्रश्नात येईल.

ठाण्यात माझ्याकडे मोबाईल नव्हता. तिथल्या सीसीटीव्हीचं फुटेज मिळतं का?

मिळू शकतं, पण घाई करावी लागते. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितले. मुख्य दरवाजा, कोठडी, कॉरिडॉर, स्वागतकक्ष, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे. स्वच्छतागृहाच्या बाहेर, आत नाही. कॅमेरे अंधारात दिसणारे आणि आवाज टिपणारे हवेत. फुटेज १८ महिने ठेवायचं. तशी यंत्रणा मिळत नसेल तर जास्तीत जास्त काळ, पण वर्षाच्या आत नाही. ठाण्यात इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत फलक लावून हेही सांगायचं की मानवी हक्कांचं उल्लंघन झालं तर पीडिताला ते फुटेज जपून ठेवायला लावण्याचा हक्क आहे.

तुमच्या ठाण्यात असा मराठी फलक दिसतो का, एकदा बघा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून स्वतःहून हा विषय पुन्हा हाती घ्यावा लागला, यावरून अंमलबजावणीचा अंदाज यावा.

‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर कधीतरी येणारच, असं धरून चाला. घटना घडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तांना, लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, ठाण्यातली नेमकी जागा लिहा, ‘हे फुटेज जतन करावे’ असं स्पष्ट म्हणा आणि पोच घ्या. मग माहिती अधिकारात प्रत मागा. साधी मुदत ३० दिवसांची. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची, आणि तसं अर्जातच लिहावं लागतं. तपासात अडथळा येईल या कारणावर कलम ८(१)(ज) दाखवून नकार येऊ शकतो. त्यावर पहिलं अपील करा, आणि प्रकरण कोर्टात असेल तर फुटेज मागवण्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच द्या. पोच घेतलेला अर्ज हातात असला की फुटेज ‘ओव्हरराइट झालं’ हे सांगणं त्यांना अवघड जातं.

घरझडतीला पोलीस आले. मी शूटिंग करू का?

तुमच्या घरात तुम्ही करू शकता, पण आता त्यांनीच करायचं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीची संपूर्ण प्रक्रिया, जप्त वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्यांसकट, ध्वनिचित्रफितीत घ्यावी लागते. त्यासाठी शक्यतो मोबाईल वापरावा असं कायदाच म्हणतो. ते रेकॉर्डिंग विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. म्हणून वाद न घालता एवढंच विचारा, ‘साहेब, कलम १०५ चं रेकॉर्डिंग सुरू केलं का?’ पंचनाम्यावर सही करताना त्यात रेकॉर्डिंगचा उल्लेख आहे का तेही बघा.

अटकेच्या वेळी नावाची स्पष्ट दिसणारी ओळख, अटकेचा पंचनामा आणि त्यावर साक्षीदाराची सही या गोष्टी १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक आहेत. आता त्या कलम ३६ मध्ये आहेत. नेमप्लेट नसलेला गणवेश रेकॉर्डिंगमध्ये आला, तर तोही मुद्दा होतो.

पोलिसाने मोबाईल हिसकावला आणि व्हिडिओ डिलीट करायला लावला.

डिलीट करायला लावण्याचा अधिकार कोणत्याही कलमात नाही. फोन गुन्ह्याशी संबंधित असेल तर पोलीस तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली जप्त करू शकतात किंवा कलम ९४ खाली लेखी आदेशाने मागवू शकतात. पण जप्ती म्हणजे पंचनामा आणि दंडाधिकाऱ्यांना कळवणं आलं. खिशात घालून नेणं म्हणजे जप्ती नव्हे. शिवाय पुरावा म्हणून येऊ शकणारा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, आणि त्या कलमात गणवेशाला सूट नाही.

प्रत्यक्षात, डिलीट झालेला व्हिडिओ बहुतेक फोनमध्ये काही दिवस ‘रीसेंटली डिलीटेड’ किंवा कचरापेटीत राहतो. बाहेर पडल्यावर आधी तिथे बघा. गूगल फोटोजचं बॅकअप चालू असेल तर तिथेही बघा. तक्रार अधीक्षकांकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे.

वाहतूक पोलिसाशी झालेलं बोलणं?

रस्ता सार्वजनिक आहे, बोलणारे तुम्ही दोघे आहात, करा. गाडी बाजूला लावून करा. कागदपत्रं दाखवायला नकार देऊन फक्त शूटिंग करत बसलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३० तुमच्या विरोधात जाईल. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं. डिजीलॉकरमधलं चालतं.

फोनवर समोरच्याला न सांगता कॉल रेकॉर्ड करणं बेकायदा आहे का?

भारतात, तुम्ही स्वतः त्या संभाषणात असाल तर, नाही. आणि या उत्तराचा पाया मुंबईतच घातला गेला.

प्रकरण १९६४ चं. ऑपरेशन झालेला एक रुग्ण दगावला आणि चौकशी मुंबईच्या कोरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आली. अहवाल सौम्य द्यायचा तर पैसे द्या, अशी मागणी कोरोनरने दुसऱ्या एका डॉक्टरमार्फत ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे केली. लाचलुचपतवाल्यांनी मध्यस्थ डॉक्टरच्या संमतीने त्याच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि कोरोनरशी झालेलं बोलणं टिपलं. आरोपी कोरोनरचं म्हणणं होतं की हे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं उल्लंघन आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतः रेकॉर्ड करू दिलं, तार मध्येच कुणी तोडली नाही, आरोपी आपल्या मर्जीने बोलत होता. संभाषण विषयाशी संबंधित असावं, आवाज ओळखता यावा आणि टेपमध्ये काटछाट नसल्याचं दाखवता यावं, या अटी तेव्हाच्या. टेप गेली, अटी राहिल्या.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क झाला, त्यामुळे ‘माझ्या परवानगीशिवाय आवाज टिपला’ हा युक्तिवाद आता जास्त ऐकू येतो. पण स्वतःचा कॉल रेकॉर्ड करणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्यातून तयार झालेलं नाही. बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच समोरच्याला सूचना ऐकू जाते, ती कंपन्यांची व्यवस्था आहे, भारतीय कायद्याची अट नाही.

आणि दुसऱ्या दोघांचं बोलणं?

इथे रेघ स्पष्ट आहे. तुम्ही ज्यात नाही तो कॉल चोरून ऐकणं किंवा टिपणं म्हणजे अनधिकृत इंटरसेप्शन. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बायकोच्या, मुलीच्या किंवा भागीदाराच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणारे याच खड्ड्यात पडतात, वर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ वेगळं.

सरकारलाही मोकळं रान नाही. टॅपिंगचा आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा हवा, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण हवं, आदेश ६० दिवस चालतो आणि वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणातले तीन टॅपिंग आदेश असं कारण दिसत नसल्याने रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं.

नवरा-बायकोच्या भांडणाची रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात चालते का?

चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी सांगितलं. पतीने पत्नीशी झालेलं स्वतःचं बोलणं तिला न सांगता रेकॉर्ड केलं होतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने खाजगीपणाच्या मुद्द्यावर ते नाकारलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. पती-पत्नीमधला संवाद उघड न करण्याचा नियम दोघांच्या आपसातल्या दाव्यात आड येत नाही.

निकालाची बातमी आल्यावर ‘आता बेडरूममध्ये रेकॉर्डर ठेवतो’ अशी भाषा सुरू झाली. सावकाश. त्या प्रकरणात पती स्वतः बोलणाऱ्यांपैकी होता. सासू-सुनेचं बोलणं टिपायला लपवलेला फोन, किंवा खाजगी क्षणांचं चित्रीकरण, हे त्यात बसत नाही. खाजगी चित्रीकरणासाठी तर न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई आहे. आणि एक निरीक्षण: रेकॉर्डिंग आहे हे माहीत असलेला माणूस मुद्दाम समोरच्याला चिडवतो. न्यायाधीश दोन्ही आवाज ऐकतात.

माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. कोर्ट ते मानेल का?

पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला की पुरावा झाला, ही समजूत सर्वांत जास्त खटले बिघडवते. इथलं महत्त्वाचं प्रकरण जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर स्वीकारला की आधी, हे ठरवायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण लागत होतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरण, म्हणजे तो फोनच, मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून दाखवला तर प्रमाणपत्र लागत नाही.

आता तेच कलम साक्ष्य अधिनियमात ६३ झालं आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून संगणकाने काढलेला ओळख-क्रमांक, लिहावी लागते. फाइलमध्ये सेकंदाचा तुकडा जरी कापला तरी ती बदलते. म्हणून मूळ फाइल जशी आहे तशी, मूळ फोनमध्ये ठेवा. नाव बदलू नका, ‘महत्त्वाचा भाग’ कापून ठेवू नका. व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, ती ऐकायला ठीक, कोर्टासाठी नाही. आणि तो फोन एक्सचेंज ऑफरमध्ये देऊ नका.

तलाठी किंवा हवालदार पैसे मागतोय. रेकॉर्ड करून फेसबुकवर टाकू?

फेसबुकवर टाकलंत तर सापळा संपला. रेकॉर्डिंग घेऊन लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा, टोल फ्री क्रमांक १०६४. ते तुमच्या रेकॉर्डिंगवर थांबत नाहीत, स्वतःचा व्हॉइस रेकॉर्डर देऊन पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात आणि मग सापळा लावतात. आधीच पैसे दिले असतील तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर ७ दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

व्हिडिओ व्हायरल केला तर काय होऊ शकतं?

खरी जोखीम इथे आहे. काढलेला व्हिडिओ निर्दोष असतो आणि वरच्या चार ओळी घात करतात. ‘हा पोलीस चोर आहे’ असं लिहिलंत तर न्याय संहितेतलं बदनामीचं कलम ३५६. दोन समाजांतल्या भांडणाचा अर्धवट तुकडा भडक मजकुरासह टाकलात तर तेढ पसरवण्याचं कलम १९६. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड झाली तर कलम ७२, शिक्षा २ वर्षांपर्यंत. अल्पवयीन मुलाची ओळख उघड झाली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पीडित मूल असेल तर पॉक्सोचं कलम २३. इथे ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव पोलिसांसमोर फार वेळ टिकत नाही.

तक्रार करायची असेल तर व्हिडिओ आधी अर्जासोबत द्या. लोकांसमोर आणायचाच असेल तर चेहरे झाका आणि मजकुरात फक्त तारीख, जागा आणि काय घडलं एवढंच लिहा.

शेजाऱ्याचा सीसीटीव्ही माझ्या दाराकडे आहे.

सामाईक जिना, पार्किंग, गेट यांवर सोसायटीने कॅमेरा लावणं ठीक. तुमच्या खिडकीच्या आत डोकावणारा कॅमेरा ठीक नाही. आधी सोसायटीला पत्र, मग दिवाणी न्यायालय. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या कोलकात्यातल्या वादातही, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकलं नाही.

कुठे अजिबात रेकॉर्डिंग करू नये?

कोर्टात परवानगीशिवाय नाही, फोन खिशात ठेवून आवाज टिपणं हेही रेकॉर्डिंगच. नौदल गोदी, छावण्या, दारूगोळा कारखाने ही खरीखुरी निषिद्ध ठिकाणं. मुंबईत ड्रोन उडवून मोर्चा टिपायचा विचार असेल तर आधी आयुक्तालयाचे चालू मनाई आदेश बघा.

मुलगा कॅलिफोर्नियात आहे. त्याच्याशी किंवा सुनेशी झालेला कॉल पुण्यातून रेकॉर्ड केला तर?

पुण्यात तुम्ही गुन्हा करत नाही. पण कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेचं कलम ६३२ खाजगी संभाषणासाठी सगळ्या बोलणाऱ्यांची संमती मागतं. तिकडच्या घटस्फोटात किंवा मुलांच्या ताब्याच्या वादात असं रेकॉर्डिंग पुढे केलंत तर मुलाचाच वकील हात डोक्याला लावेल. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये एका पक्षाची संमती पुरते. कॉल दोन राज्यांत किंवा दोन देशांत असेल तर सुरुवातीलाच ‘मी रेकॉर्ड करतोय’ असं सांगून टाका, आणि समोरच्याचं ‘हो’ त्या रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या.